वाट्या मावशीच्या, सूर सगळ्यांचा

जाहिरातीच्या धंद्यात पाच सेकंद म्हणजे ऐसपैस जागा. तेवढ्यात मी मसाल्याचं नाव, सासूबाईंची पसंती आणि शेवटची 'टुंग' असं सगळं बसवलेलं आहे. पुण्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. जिंगल, रेडिओच्या जाहिराती, माहितीपटांचं पार्श्वसंगीत ही माझी रोजीरोटी. आमच्याकडे काम येतं तेव्हा आधी सुरांची चर्चा होते, मग पैशांची, आणि कागदपत्रं सगळ्यात शेवटी, बहुतेकदा जिंगल वाजायला लागल्यावर. एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी सुरुवातीचा आवाज करायला घेतला आणि हा क्रम उलटा झाला. आधी परवाना ठरला. परवान्यावरून वाद्य ठरलं. वाद्यावरून सूर ठरले. हा उलटा क्रम आता मला सुलटा वाटतो. तो का, तेच इथे सांगते.

कॉम्प्युटर सुरू होऊन कामाला तयार झाला की एक छोटासा सूर वाजतो. त्याला स्टार्टअप साउंड म्हणतात. काम जुनंच आहे. आकाशवाणीची पहाटेची धून आठवा. युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या संगीतकाराने 1930 च्या दशकात ती बांधली. ती कानावर आली की केंद्र सुरू झालं एवढं घराघरात कळायचं. बातम्या काय असतील, गाणी कोणती लागतील याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

आता 'मुक्त' सिस्टीम म्हणजे काय, तेही दोन वाक्यांत सांगायला हवं. लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन, उबंटू, फेडोरा यांसारख्या सिस्टीमचा मूळ प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा असतो. कुणीही तो घ्यावा, वापरावा, बदलावा, बदललेला पुढे वाटावा, हवं तर विकावा. जगभरची माणसं मिळून तो लिहितात आणि ज्या गाठोड्यातून तो वाटला जातो त्याच गाठोड्यात चित्रं, अक्षरं आणि आवाजही असतात. आवाज तेवढा कुणाच्या खासगी मालकीचा राहिला, तर ते गाठोडं बिनधास्त पुढे देता येत नाही. म्हणून प्रोग्रामला जो न्याय, तोच पाच सेकंदांच्या सुराला.

मालकीचे सूर

या क्षेत्रातले प्रसिद्ध सूर सगळे मालकीचे आहेत. विंडोज 95 साठी मायक्रोसॉफ्टने ब्रायन ईनो या ब्रिटिश संगीतकाराला गाठलं. स्फूर्तिदायक हवा, सगळ्या जगाला आपला वाटेल असा हवा, अशी विशेषणांची लांबलचक माळ त्यांनी त्याच्या हातात दिली आणि खाली लिहिलं, लांबी सव्वातीन सेकंद. ईनोने 84 तुकडे केले. त्यातून निवडलेला तुकडा पुढे कोट्यवधी टेबलांवर वाजला, आणि 2025 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला. गंमत म्हणजे ईनोने हे काम ॲपलच्या मॅकवर केलं होतं.

मॅकचा सूर जिम रीक्स या ॲपलमधल्या ध्वनितंत्रज्ञाचा. आधीचा सूर त्याला कर्कश वाटायचा. मशीन अडकून बंद पडलं की माणूस वैतागून ते पुन्हा सुरू करतो आणि नेमकं तेव्हाच कानावर असं काही आदळावं, हे त्याला पटत नव्हतं. म्हणून त्याने घरी कोर्ग वेव्हस्टेशन या सिंथेसायझरवर सी मेजरचा एक रुंद, शांत कॉर्ड तयार केला आणि 1991 च्या क्वाड्रा मशीनमध्ये तो बसवला. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत उपयोगी धडा हाच आहे. हा सूर ऐकणारा माणूस नेहमी आनंदात असतोच असं नाही. बहुतेक वेळा तो घाईत असतो, कधी चिडलेलाही असतो.

त्याच काळात बीटल्सच्या ॲपल कोअर या कंपनीने ॲपल कॉम्प्युटरला कोर्टात खेचलं होतं. आपल्या नावाची दुसरी कंपनी संगीताच्या धंद्यात उतरते आहे, ही तक्रार. प्रकरण इतकं ताणलेलं होतं की सिस्टीममधल्या साध्या इशाऱ्याच्या आवाजाला कोणतं नाव द्यायचं, यातही वकिलांनी लक्ष घातलं. पुढे 2012 मध्ये मॅकचा सुरुवातीचा सूर अमेरिकेत ट्रेडमार्क म्हणून नोंदला गेला.

हे सूर आपण ऐकू शकतो, गुणगुणू शकतो. पण आपल्या सिस्टीममध्ये घालून वाटू शकत नाही आणि त्यांना कात्री लावून नवं काही करून ते देऊही शकत नाही. आपली खूण तशीच राहावी, हे कंपनीच्या दृष्टीने बरोबरच आहे. मला मात्र असा सूर बांधायचा होता, जो दुसऱ्याने बदलला तरी कुणाला नोटीस जाणार नाही.

वाजतो कधी?

मॅकचा सूर बटण दाबताक्षणी येतो, कारण तो मशीनच्या चिपमध्येच असतो. मशीनही ॲपलचं आणि सिस्टीमही. लिनक्सला ही चैन नाही. ते कुणाच्याही मशीनवर जाऊन बसतं. आधी त्या मशीनच्या चिपमधला मूळ प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, जागा होतो, मग बूटलोडर, मग कर्नल, मग साउंड कार्डाचा ड्रायव्हर, त्यानंतर साउंड सर्व्हर. पूर्वी हे काम पल्सऑडिओ करायचा, आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर करतो. इतकं सगळं उभं राहिल्याशिवाय आवाज निघायचा रस्ताच नसतो. त्यामुळे इथे सूर वाजतो तो लॉगिनचा पडदा आल्यावर किंवा लॉगिन झाल्यावर.

सूर बांधणाऱ्याच्या कामावर याचा थेट परिणाम होतो. साउंड कार्ड नुकतं जागं होत असतं आणि काही मशीनवर आवाजाचा पहिला कण गिळला जातो. पहिल्याच क्षणी टणकन ठोका दिला, तर कुठे तो ऐकू येईल, कुठे अर्धा तुटेल. म्हणून सुरुवातीला किंचित शांतता ठेवायची आणि सूर हलकेच उगवू द्यायचा.

नावांचीही एक शिस्त आहे. फ्रीडेस्कटॉप या सामायिक प्रकल्पाने आवाजांची नावं ठरवून दिली आहेत: डेस्कटॉप-लॉगइन, बॅटरी-लो, ट्रॅश-एम्प्टी, कॅमेरा-शटर. फाइलचं नाव सुरावरून पडत नाही, कामावरून पडतं. त्यामुळे एका प्रकल्पाचे आवाज काढून दुसऱ्याचे बसवले तरी प्रोग्रामला फरक पडत नाही. केडीई प्लाझ्मा 6 या डेस्कटॉपबरोबर 2024 मध्ये 'ओशन' नावाचा नवा ध्वनिसंच आला, तोही अशाच ठरलेल्या जागांवर जाऊन बसतो.

बटण दाबताक्षणी सूर वाजत नाही, या नियमाला एक अपवाद आपल्या अगदी जवळ येऊन गेला. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप. त्याचा फर्मवेअरही उघडा होता आणि मशीनही त्या प्रकल्पाचंच, म्हणून तो बटण दाबल्याबरोबर वाजू शकायचा. 2007 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या एका एकशिक्षकी शाळेतल्या मुलांच्या हातात हे लॅपटॉप पडले होते. या प्रकल्पासाठी बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकचे रिचर्ड बूलँजर यांच्या पुढाकाराने 8 जीबीहून मोठा सुट्या आवाजांचा साठा गोळा झाला आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला गेला. नाव द्या आणि हवं तसं वापरा, एवढीच अट. माझ्या उलट्या क्रमाचं मूळ या साठ्यातच आहे. आधी मोकळा कच्चा माल, मग त्यातून संगीत.

वाद्य कोणतं, हे परवान्याला विचारायचं

माझ्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बासरीपासून चर्चच्या ऑर्गनपर्यंत सगळी वाद्यं आहेत. म्हणजे त्यांचे नमुने आहेत, विकत घेतलेले. एक कळ दाबली की उत्तम मुद्रित केलेला सूर येतो. जिंगलसाठी यात काही अडचण नाही. पण अशा सॉफ्टवेअरच्या करारात साधारण एक कलम असतं: हे आवाज तुमच्या रचनेत वापरा, मात्र सुटा नमुना, दुसऱ्याला उचलून वाद्यासारखा वापरता येईल असा, पुढे वाटू नका.

आता स्टार्टअपचा सूर म्हणजे काय असतो? दोन-तीन स्वर, मध्ये मोकळी जागा, शेवटी विरत जाणारी आस. एक स्वर कापून घ्यायला शाळकरी पोरालाही मिनिट लागणार नाही. आणि मुक्त परवाना तर जाहीरच सांगतो की कापा, बदला, वाटा. एका हाताने 'वाटू नका' अशी सही करायची आणि दुसऱ्या हाताने 'खुशाल वाटा' म्हणायचं, हे जमत नाही. हजारो रुपयांची माझी वाद्यं एका फटक्यात बाद झाली.

दुसरा रस्ता फ्रीसाउंडचा. बार्सिलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठातल्या संगीत-तंत्रज्ञान गटाने 2005 मध्ये सुरू केलेला हा आवाजांचा साठा. पावसापासून पाळण्याच्या करकरीपर्यंत तिथे सगळं मिळतं, पण प्रत्येक आवाजाला त्याच्या मालकाने निवडलेला परवाना असतो. देवळातल्या घंटेचा एक सुरेख आवाज मला तिथे सापडला. त्यावर अट होती, व्यापारी उपयोग नको. ही अट ऐकायला सज्जन वाटते, पण मुक्त सिस्टीममध्ये ती चालत नाही. कुणी ती सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून शंभर रुपयांना विकेल, कुणी ती बसवलेला लॅपटॉप विकेल, आणि या सगळ्याला मुक्त परवान्यात पूर्ण मुभा आहे.

उरला तिसरा रस्ता: आपलं वाद्य, आपला माइक. यमन कुणाच्या मालकीचा नाही. यमनच्या रेकॉर्डिंगला मात्र मालक असतो, आणि तो मीच असले की प्रश्न मिटला.

वाद्य निवडताना लॅपटॉपचे स्पीकरही ध्यानात घ्यावे लागतात. साधारण 200 हर्ट्झच्या खालचं त्यातून जवळजवळ काही येत नाही. डग्ग्याची घुमार, तानपुऱ्याचा खर्ज, सगळं वाया. मध्य आणि तार सप्तकात राहणारं, स्वच्छ सुरू होणारं आणि फार न रेंगाळता मिटणारं वाद्य हवं होतं. माझ्या मावशीकडे ते आहे. जलतरंग.

वाट्यांत पाणी

मावशीच्या चिनी मातीच्या वाट्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून कपाटावर ठेवलेल्या असतात. महिला मंडळाच्या कार्यक्रमांत ती वर्षानुवर्षं वाजवत आली आहे. पाणी वाढवलं की सूर उतरतो, कमी केलं की चढतो. मोठा फरक तांब्याने, बारीक फरक चमच्याने, आणि शेवटचा केसाएवढा फरक ती बोट बुडवून, चार थेंब झटकून साधते. माझ्या कॉम्प्युटरवरचा ट्यूनर हिरवा दिवा दाखवायच्या आधी तिचं 'हं' आलेलं असतं.

रात्री उशिरा मुद्रण केलं. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्यांना गोधड्या. दोन माइक वाट्यांपासून हातभर अंतरावर. बांबूच्या काड्यांनी वाजवलं तर सुरुवातीचा 'टक्' फार पुढे येत होता. मावशीने टोकांना कापडाची पट्टी गुंडाळली आणि तो 'टक्' गोल झाला. प्रत्येक वाटी आम्ही वेगळी मुद्रित केली, हळू आणि जोरात, आणि तिची आस पूर्ण विरेपर्यंत थांबलो.

चाल बांधताना मला माझ्या धंद्याची सवय मोडावी लागली. जिंगल डोक्यात घर करते, तेच तिचं यश. स्टार्टअपचा सूर डोक्यात घर करू लागला तर तो महिन्याभरात नकोसा होतो, कारण माणूस तो रोज ऐकतो, वर्षानुवर्षं ऐकतो. त्याला ठेका नको, कारण ठेका पुढच्या मात्रेची वाट बघायला लावतो. प्रश्नासारखा वर उचललेला शेवट नको, कारण मन उत्तर शोधत राहतं. मी षड्ज, पंचम, वरचा गंधार असे स्वर एकमेकांच्या आसेवर ठेवले आणि शेवटी पुन्हा षड्जाला स्पर्श केला. मावशी म्हणाली, "एवढंच? मग मला बोलावलंस कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या वाट्यांसाठी." ती म्हणाली, "वाट्या नेल्या असत्यास तरी चाललं असतं."

मावशीची सही

नुसत्या वाट्या नेऊन चाललं नसतं, आणि वाजवणारी मावशी असल्यामुळेच कागद लागला. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचना वेगळी आणि तिचं ध्वनिमुद्रण वेगळं. दोन्हींचे हक्क वेगळे. शिवाय वाजवणाऱ्या कलाकाराचा स्वतःचा हक्क असतो. म्हणजे आमच्या पाच सेकंदांत रचना माझी, ध्वनिमुद्रण माझं आणि वादन मावशीचं.

घरच्या माणसाने तोंडी 'वापर की' म्हटलं म्हणजे झालं, असं आपल्याला वाटतं. कायदा हक्काचा व्यवहार लेखी मागतो. त्यात आणखी एक खोच आहे. कराराच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो व्यवहार भारतापुरता मानला जातो. परवान्यांनाही हेच लागू आहे. मुक्त सिस्टीम ब्राझीलमध्येही उतरवून घेतली जाणार आणि पाच वर्षांनंतरही. म्हणून 'जगभर' आणि 'हक्क अस्तित्वात असेपर्यंत' हे शब्द कागदावर असावेच लागतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ते आधीच लिहिलेले असतात, त्यांचा मोठा उपयोग हाच.

मी एक पानाचा संमतिपत्राचा मसुदा मराठीत केला. मावशीने चष्मा लावून तो सगळा वाचला.

"म्हणजे जपानातला माणूस माझी वाटी कापून घेऊ शकतो?"

"हो."

"आणि पैसे?"

"नाहीत. पण तुझं नाव द्यावं लागेल."

"स्पेलिंग नीट लिही," ती म्हणाली आणि तिने सही केली.

कोणता परवाना?

क्रिएटिव्ह कॉमन्सचे सहा मुख्य परवाने आहेत, पण इथे कामाचे दोनच. 'सीसी बाय' म्हणजे नाव द्या आणि काहीही करा. 'सीसी बाय-एसए' म्हणजे नाव द्या आणि बदललेली कृतीही याच अटीवर पुढे द्या. बाकीच्या चारांत 'व्यापारी उपयोग नको' किंवा 'बदल नको' यांपैकी काही ना काही आहे. याखेरीज 'सीसी झीरो' हे जाहीरनाम्यासारखं साधन आहे: कायदा जितका सोडू देतो तितका सगळा हक्क सोडला.

यात सर्वांत कडक परीक्षक डेबियन. 1997 पासून त्यांची लेखी तत्त्वं आहेत: विकायला बंदी नको, बदलायला बंदी नको, अमुक कामासाठी वापरू नका असंही नको. ही तत्त्वं ते चित्राला आणि आवाजालाही लावतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या जुन्या आवृत्त्याही त्यांना पुरेशा मोकळ्या वाटल्या नव्हत्या. तिसऱ्या आवृत्तीपासून 'बाय' आणि 'बाय-एसए' त्यांनी मान्य केले. फायरफॉक्सचं प्रकरण तर गाजलेलंच आहे. त्या ब्राउझरचा प्रोग्राम मुक्त, पण बोधचिन्हाच्या अटी तशा नव्हत्या आणि नावाच्या ट्रेडमार्कचाही प्रश्न होता. 2006 मध्ये डेबियनने नावासकट चिन्ह बदललं आणि पुढची दहा वर्षं तो ब्राउझर 'आइसवीझल' म्हणून वाटला. एका चित्रासाठी हे लोक इतकं करतात, तर आवाजाला कोण सोडणार!

गंमत अशी की मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे जनक मानले जाणारे जीएनयू प्रकल्पाचे लोक इथे थोडे सैल आहेत. त्यांच्या मते प्रोग्रामचं काम न करणारी, शोभेची सामग्री प्रती काढायला आणि वाटायला मोकळी असली तरी पुरे. बदलायची मुभा असलीच पाहिजे असा त्यांचा आग्रह नाही. मला डेबियनची बाजू पटते. बदलता न येणारा आवाज मुक्त सिस्टीममध्ये पाहुण्यासारखा राहतो. त्याचा आवडीनिवडीसकट सांभाळ करावा लागतो.

आम्ही 'सीसी बाय-एसए'ची चौथी आवृत्ती घेतली. 2015 पासून ती लिनक्सच्या जगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीशी एका दिशेने जुळते. म्हणजे माझा आवाज कुणाला जीपीएलच्या प्रोग्राममध्ये मुरवायचा असेल तर रस्ता खुला आहे.

जीपीएलमधली एक कल्पना मात्र मी मनापासून उचलली. तो परवाना प्रोग्रामबरोबर त्याचा उगम मागतो, म्हणजे बदल करायला सर्वांत सोयीचं असं रूप. सुराचा उगम कोणता? शेवटची पाच सेकंदांची फाइल नक्कीच नाही. ती मिसळून, घोटून, बंद झालेली असते. तिच्यातून पंचम वेगळा काढणं म्हणजे चहातून दूध काढण्यासारखं. म्हणून आम्ही प्रत्येक वाटीचं वेगळं मुद्रण, कोणता स्वर कितव्या क्षणी येतो त्याचा तक्ता आणि मिसळणीची प्रकल्प-फाइल असं सगळं दिलं. मिसळणी मुद्दाम आर्डर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये केली, नाहीतर ती उघडण्यासाठी समोरच्याला महागडा प्रोग्राम विकत घ्यावा लागला असता.

डबा आणि चिठ्ठी

आता फाइल कोणत्या प्रकारची द्यायची? कच्ची वेव्ह फाइल सीडीच्या दर्जाची असेल तर सेकंदाला 1,76,400 बाइट खाते. पाच सेकंदांना जवळजवळ नऊ लाख. एमपी3 छोटी होते, पण त्या तंत्रावर पेटंट होती आणि मुक्त सिस्टीम तिच्यापासून चार हात दूर राहिल्या. 2017 मध्ये एमपी3 चा परवाना-कारभार बंद झाला. तोवर या जगाने ऑग व्हॉर्बिस हा पेटंटमुक्त प्रकार अंगी बाणवला होता. त्याची पहिली पक्की आवृत्ती 2002 ची. आजही या सिस्टीममधले बहुतेक आवाज त्याच डब्यात असतात, आणि आमचा सूर त्यात शंभर केबीच्याही आत बसला.

गंमत म्हणून सांगते, भारतात एखादा आवाज ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा तर 2017 च्या नियमांनुसार तो एमपी3 मध्येच, 30 सेकंदांच्या आत, स्वरलिपीसह द्यावा लागतो. आपल्याकडे नोंदलेला पहिला ध्वनी-ट्रेडमार्क याहूची ती लांबलचक आरोळी, 2008 मधली. आम्ही काही नोंदवायला गेलो नाही.

नाव द्यायची अट घातली खरी, पण पाच सेकंदांच्या सुरात नाव दाखवायचं कुठे? पुस्तकाला मुखपृष्ठ असतं, सिनेमाला पाट्या असतात. यासाठी प्रोग्रामरांनी साधी युक्ती काढली आहे. आवाजाच्या फाइलशेजारी त्याच नावाची एक छोटी मजकुराची फाइल ठेवायची, शेपटीला 'लायसन्स' असा शब्द. तिच्यात दोन ओळी: हक्क कोणाचा आणि परवाना कोणता. या ओळी एसपीडीएक्स नावाच्या ठरावीक पद्धतीने लिहिल्या की माणसालाही वाचता येतात आणि यंत्रालाही. कोणत्या फाइलला कागद नाही, ते यंत्र स्वतः शोधून दाखवतं. मावशीचं नाव त्या फाइलमध्ये आहे. स्पेलिंग तिने स्वतः तपासलं आहे.

ऐकतं कोण?

एक शंका मला आमच्याच लोकांनी विचारली: हल्ली हे आवाज ऐकतं कोण? खरं आहे. विंडोज 8 मध्ये, 2012 साली, सुरुवातीचा सूर आपणहून वाजायचा बंद झाला आणि विंडोज 11 मध्ये परत आला. ॲपलनेही 2016 पासून नव्या मॅकमध्ये तो गाळला आणि 2020 मध्ये पुन्हा दिला. लोकल ट्रेनमध्ये किंवा मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडणाऱ्याला आवाज नको असतो, आणि बंद करायची सोय त्याला असलीच पाहिजे.

पण ज्याला पडदा दिसत नाही त्याचं काय? लॉगिनची जागा तयार झाली, आता पासवर्ड टाइप करायला हरकत नाही, हे अंध माणसाला कळायला बहुतेकदा आवाजाशिवाय दुसरी खूण नसते. उबंटूच्या लॉगिन पडद्याबरोबर वाजणारा ढोलाचा छोटासा ठेका हे काम कित्येक वर्षं करत आला. आमचा सूर बांधताना हा ऐकणारा मी पुढे बसवला होता. लॉगिन, चुकलेला पासवर्ड आणि लॉगआउट हे तीन आवाज एकमेकांशी अजिबात गल्लत होणार नाहीत इतके वेगळे ठेवले: पहिला वर जाणारा, दुसरा एकाच बंद वाटीवरचा कोरडा ठोका, तिसरा खाली येणारा.

सूर सिस्टीममध्ये गेला आणि काही दिवसांनी एका परदेशी माणसाने त्याची दुसरी आवृत्ती करून ठेवली. परवान्याप्रमाणे आमची नावं दिली, परवाना तोच ठेवला, आणि काय बदललं तेही लिहिलं: शेवटचा षड्ज काढून टाकला, गंधार थोडा उशिरा आणला. प्रत्येक वाटी वेगळी दिली होती म्हणूनच त्याला हे जमलं. मी दोन्ही आवृत्त्या मावशीला ऐकवल्या.

"याचं चांगलं आहे," ती म्हणाली. "तुझं संपल्यासारखं वाटत होतं. मशीन तर आत्ता सुरू होतंय ना?"

माझ्या धंद्यात अशी दुरुस्ती कुणी केली असती तर वकिलाचं पत्र गेलं असतं. इथे मी ती बिनबोभाट स्वीकारली. आता सिस्टीमसोबत वाजते ती त्याची आवृत्ती, आणि शेजारच्या चिठ्ठीत मावशीच्या आणि माझ्या नावाखाली त्याचं नाव आहे.